पेडगावात पापलेट

पेडगाव, ता. जि. परभणी
रविवार, १८ तारीख

तीर्थरूप सत्यशीलाआत्या यांना,
राजेश्रीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहेत. ठीक म्हणजे बाबांचा रक्तदाब काल सकाळी एकशे अडतीसवर शहाऐंशी होता (मी दोनदा मोजला), आईची कंबर गेल्या वर्षीइतकीच दुखते, आणि तुमचा भाचा बालाजी अजून तीन दिवसांनी एकदा दाढी करतो. तुमची तब्येत आणि श्रीराममामांचा गुडघा कसा आहे ते कळवावे. गुडघ्याची चौकशी मी मनापासून केली आहे, पण पत्राचं कारण गुडघा नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला दोन पानं वाट बघत बसावं लागणार नाही.

कारण असं की गेल्या बुधवारी, चौदा तारखेला संध्याकाळी, आपल्या पेडगावच्या घरी समुद्रातल्या मासळीची मेजवानी झाली. हे वाक्य तुम्ही पुन्हा वाचाल. मीही लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. त्यात चूक नाही. मेजवानी मी दिली, घर तेच, दारातला लिंब तोच, आणि यजमानपदी तुमचे बंधू दिनकरराव बाजेवर बसून होते. फोनवर हे सांगता आलं असतं, पण आमच्या घरात एका खोलीतला फोन चार खोल्यांना आणि शेजारच्या विष्णुपंत गुरुजींना ऐकू जातो. शिवाय काही गोष्टी सांगताना मध्येच कुणी 'अगं बाई' म्हटलं की माझा क्रम चुकतो.

तर क्रमाने. मी जिंतूर रस्त्यावरच्या दूध शीतकरण केंद्रात यंत्रं सांभाळते हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या महिन्याच्या शेवटी मला तुमच्या रत्नागिरीतल्या एका मासळी गोठवणाऱ्या कारखान्याकडून नोकरीचं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं. दूध चार अंशांवर थांबतं, तिथलं यंत्र उणे चाळीसपर्यंत जातं. माझ्या धंद्यात याला बढती म्हणतात. घरात त्याला वेगळं नाव पडलं. बाबांचं म्हणणं थोडक्यात देते (ते स्वतः थोडक्यात देत नाहीत). त्यांचा नोकरीला विरोध नाही, मुलीनं एकटं राहण्याला नाही, रत्नागिरीलाही नाही. त्यांचा विरोध माशाला आहे. 'आधी एक गेली तिकडं, तिचं काय झालं?' असं ते म्हणाले. तुमचं काय झालं ते मला माहीत आहे. तुम्ही दवाखान्यात मुख्य परिचारिका झालात, श्रीराममामांशी मनाजोगं लग्न केलंत आणि खिडकीतून समुद्र दिसेल असं घर बांधलंत. पण बाबांच्या लेखी तुमच्या आयुष्यातली ठळक घटना एकच आहे, ती म्हणजे तुम्ही मासा खायला लागलात.

आणि अर्थातच तो डबा. नऊ वर्षांपूर्वी दिवाळीला येताना तुम्ही सुक्या जवळ्याचा डबा आणला होता. आईला अवघड वाटायला नको म्हणून तुम्ही तो स्वयंपाकघरात ठेवला नाहीत, बराच विचार करून बाहेरच्या खोलीत सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यांमागे ठेवलात. बाबांना तीन दिवस वाटत होतं की बियाणं कुजलं. ते ऐन पाडव्याला सगळी पोती अंगणात ओतून, दाणा दाणा हुंगत बसले होते. डबा सापडल्यावर ते तुम्हाला जे बोलले आणि त्यावर तुम्ही त्यांना जे बोललात, ते मी दाराआडून ऐकलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आज विचार केला तर तपशिलात दोघांचंही बरोबर होतं. (त्या डब्यात आई आता खिळे ठेवते. झाकण अजून घट्ट बसतं.) त्यानंतर तुम्ही आला नाहीत आणि त्यांनी बोलावलं नाही, आणि नोकरीच्या पत्रानं ते सगळं पुन्हा वर आलं.

या महिन्याच्या एक तारखेला संध्याकाळी, चहाला आलेल्या गुरुजींसमोर आणि मुंजाजीकाकांसमोर, बाबांनी शेवटचा शब्द दिला. "ज्या दिवशी ह्या घरात चार माणसं मांडीला मांडी लावून समिंदराचा मासा खातील ना, त्या दिवशी बघू." मुंजाजीकाका मांडीवर थाप मारून हसले, गुरुजी खोकले, आणि सगळ्यांनी असं धरलं की विषय संपला. मला मात्र पहिल्यांदाच मोजता येण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. जागा: हे घर. माणसं: चार. माल: समुद्राचा मासा. मी गुरुजींना विनंती केली की हे कुठंतरी लिहून ठेवा. त्यांची पस्तीस वर्षं शिक्षकी झाली आहे, त्यामुळे कुणी लिहा म्हटलं की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. त्यांनी ते आमच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं आणि खाली तारीख घातली. बाबांनी ते होताना पाहिलं आणि थांबवलं नाही. मागे घेतला असता तर तो बाबांचा शब्द राहिला नसता.

पहिली अडचण जागेची आली. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे मटण घरात शिजत नाही. ते आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याशेजारी, तीन दगडांवर शिजतं. पुरुष करतात आणि पुरुषच खातात. (आई मटण खात नाही असं सगळे म्हणतात. खरं तर तिनं ते कधी सोडलेलं नाही. आखाड्यावरून घरी येईपर्यंत ते कधी उरलंच नाही.) आईनं मला स्वच्छ सांगितलं की तिच्या चुलीवर, गॅसवर, ओट्यावर आणि तिच्या एकाही भांड्यात मासा येणार नाही. आखाड्यावर केला तर अटीतलं 'ह्या घरात' पूर्ण होत नव्हतं. शेवटी मी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठ काढून आणला. त्यात मागचं अंगण घराच्या मोजमापात धरलेलं आहे. मी तो उतारा बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "बापाच्या विरोधात सातबारा काढणारी पोरं ऐकली व्हती. नमुना आठ काढणारी ही पहिलीच." पण मागचं अंगण कबूल झालं.

मग वार. आमच्याकडे सोमवार, गुरुवार आणि शनिवार चालत नाहीत. बालाजीनं नोकरीसाठी मंगळवार धरलाय (नोकरी अजून लागलेली नाही, पण मंगळवार पक्का आहे). शुक्रवार आईचा. रविवारी बाबांचे सोयरे-पाहुणे कुठूनही उगवू शकतात. राहिला बुधवार. त्यातला एकादशी-चतुर्थी न लागणारा पहिला बुधवार चौदा तारखेचा होता.

मासळी मुंबईहून मागवली. तिथं राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीनं पहाटे धक्क्यावर जाऊन दहा पापलेटं आणि दोन किलो कोळंबी घेतली, माझ्या सूचनेप्रमाणे बर्फाचे थर देऊन थर्मोकोलच्या पेटीत भरली, आणि आत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवून पेटी ओळखीच्या प्रवाशासोबत रेल्वेनं पाठवली. परभणी स्टेशनावर मी ती घेतली आणि फलाटावरच नोंद तपासली. सबंध प्रवासात तापमान एकदाही सव्वातीन अंशांच्या वर गेलं नव्हतं. आत्या, मी सहसा स्वतःच्या कामावर खूश होत नाही, पण त्या फलाटावर झाले. समुद्रापासून पेडगावपर्यंत त्या माशांना आपण मेलो आहोत याखेरीज दुसरा कुठलाही त्रास झालेला नव्हता. जे काही झालं ते पेटी उघडल्यावर झालं.

पेटी अंगणात उघडली तेव्हा बाबा, आई, बालाजी, मुंजाजीकाका आणि गुरुजी गोल उभे होते. गुरुजी शुद्ध शाकाहारी; म्हणूनच बाबांनी त्यांना पंच नेमलं होतं, की जो खात नाही तो पक्षपात करणार नाही. ते नाकाला रुमाल लावून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसणार होते, पण कुतूहलानं पुढे आले. पापलेटांबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं; आई तर म्हणाली, "दिसायला बरी हायेत की, पितळंच्या ताटलीवानी." मग मी कोळंबीचा थर उघडला. बाबा वाकले, एक कोळंबी दोन बोटांत धरून उन्हाकडे केली, तिचे पाय पाहिले, पोटावरच्या रेघा पाहिल्या, आणि ज्या आवाजात ते कृषी सहायकाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "ही बोंडअळी हाय."

मी म्हटलं, ही कोळंबी आहे, कवचधारी प्राणी आहे, अळीशी हिचा संबंध नाही. बाबा म्हणाले, "रंग बघ. गुलाबीच हाय. तीस वर्षं हिच्यावर फवारे मारले, आता हिला ताटात घेऊ?" मुंजाजीकाकांनी जवळून बघून दुजोरा दिला की अगदी तशीच, फक्त लय पोसलेली. ज्या घराचा दोन वर्षांपूर्वीचा अख्खा कापूस त्या अळीनं नेला, तिथं मी दोन किलो कोळंबी मागवायला नको होती. हा माझा नियोजनातला दोष मी मान्य करते.

दुसरा दोष आचारी. माशाला लागणारा वेळ मी तुमच्याकडून विचारून घ्यायला हवा होता. तो पुस्तकातून आणि इंटरनेटवरून घेतला, आणि आकडे बरोबर होते. पण ते आकडे मुंजाजीकाकांना कोण ऐकवणार याचा विचार मी केला नव्हता. गावातल्या प्रत्येक कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या जेवणाचं, मटण गेली पंचवीस वर्षं काका करतात. आखाड्यावरची मोठी डेग त्यांनी कुणी न सांगता सकाळीच बैलगाडीतून आणली, तीन दगड मांडले, आणि बाईमाणसानं असल्या कामात पडायचं नसतं म्हणून मला मागे सारलं. मी त्यांना कृतीचा छापलेला कागद दिला. त्यांनी तो चूल पेटवायला घेतला. मग तोंडी सांगितलं, की काका, तुकडे टाकल्यावर सहा मिनिटं, ढवळायचं नाही.

"सहा मिन्टात?" काका म्हणाले. "सहा मिन्टात पानी बी गरम होत न्हाई पोरी. पंचाच्या देखत लोकायला कच्चं खाऊ घालायलीस का?"

"काका, मासा मऊ असतो."

"मऊ हाय म्हनूनच दाबून शिजवाय लागतंय. तू तुझं दुधाचं बघ."

काकांचं मटणाचं एक परिमाण आहे आणि मटणासाठी ते अचूक आहे: मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचं. दहा पापलेटांचे तीस तुकडे (मी मोजले, गुरुजींनी लिहिले) त्यांनी काळा मसाला, सुकं खोबरं आणि आपलं येसराचं भाजकं पीठ घालून डेगीत टाकले, झाकण लावलं, झाकणावर निखारे ठेवले, आणि दर पाच मिनिटांनी झाकण किलकिलं करून उलथन्यानं तळापासून ढवळलं. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण काकांचा चेहरा बदलला होता, आणि चार खाणाऱ्यांत काका स्वतः एक होते. सव्वा तासानं त्यांनी डेग उतरवली, मोठी पळी घातली, वर काढली. पळीत तर्री होती. पुन्हा घातली. पुन्हा तर्री. मग त्यांनी बाही वर सारून तळ शोधला आणि हाताला आले ते काटे. तीस तुकड्यांचे सगळे काटे, स्वच्छ, आणि मांस नाही.

मांस कुठं गेलं ते मला ठाऊक होतं. ते तर्रीतच होतं; म्हणूनच तर्री इतकी दाट झाली होती. पण पंचवीस वर्षांत काकांच्या डेगीतून मटणाचा तुकडा कधी असा नाहीसा झालेला नव्हता, त्यामुळे त्यांना एकच स्पष्टीकरण सुचलं. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "चोरी झाली."

बाबांनी विचारलं, काटे कसे राहिले मग? काका म्हणाले, "खाल्लं आन काटे परत डेगीत टाकले. कुनाला कळू नये म्हनून. लय बिलंदर हाय कुनीतरी." आणि त्यांनी बालाजीकडे पाहिलं. बालाजी म्हणाला की मी सव्वा तास इथंच बसलोय. काका म्हणाले, मंग तुला ठावं असंलच. गुरुजींनी वहीत 'तुकडे ३०, काटे पूर्ण, तुकडे ०' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. बालाजीनं आधी शपथ घेतली, मग तोंड उघडून दाखवलं, मग रुसला. काका मागच्या भिंतीपर्यंत जाऊन पावलांचे ठसे पाहून आले. मी गप्प राहिले. खरं सांगितलं असतं तर काकांची अख्ख्या पंचक्रोशीतली पत गेली असती, आणि बालाजीची फक्त एका संध्याकाळची गेली. (हे बालाजीला कळवू नका. त्याला वाटतं मी त्याच्या बाजूनं होते.)

या तपासाचा एक फायदा झाला. कोळंबीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. बालाजीची चहाची गॅस शेगडी आणि मी विकत आणलेला नवा तवा घेऊन मी भिंतीच्या कोपऱ्यात बसले, आणि हळद, तिखट, मीठ आणि तांदळाचं पीठ लावून कोळंबी तळली, एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दीड. कुणी ढवळलं नाही. कुणी सल्ला दिला नाही. ती जशी व्हायला हवी तशी झाली.

साडेसहाला चार ताटं मांडली. खाणारे ठरलेले होते: मुंजाजीकाका, बालाजी, मी, आणि चौथा बालाजीचा पिंगळीचा मित्र महारुद्र. महारुद्र एकदा गोव्याला जाऊन आला आहे आणि गेली तीन वर्षं तिथल्या खेकड्याबद्दल बोलतो, म्हणून तो सगळ्यांत भरवशाचा. तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, पंक्तीला मांडी घालून बसला. आईनं भाकरी आणि भात वाढला (मासा नसलेल्या गोष्टी वाढायला तिची हरकत नव्हती), काकांनी तर्री वाढली, मी कोळंबी. महारुद्रनं ताटाकडे पाहिलं. चार-पाच कोळंब्यांची डोकी मी ठेवली होती, पुस्तकात तसं होतं. डोक्यांना डोळे होते. महारुद्रनं खिशातून फोन काढला, जो वाजलेला नव्हता, कानाला लावला, "काय? आत्ता?" असं म्हणाला, आणि आमची गाय व्यायलीय म्हणून मोटारसायकल काढून गेला. महारुद्रच्या घरी गाय नाही. ट्रॅक्टर आहे.

आता ताटं चार आणि माणसं तीन. मी खायला सुरुवात केली, कारण सुरुवात केल्याशिवाय कुणी केली नसती. काकांनी आपल्या तर्रीत भाकरी कुस्करून खाल्ली आणि म्हणाले, चव हाय, चोर नशीबवान. बालाजीनं रुसूनच दोन कोळंब्या खाल्ल्या, मग न रुसता आठ. गुरुजींनी मोठ्यानं मोजलं: एक, दोन, तीन. आणि थांबले. बाजेवरून बाबा चौथ्या ताटाकडे बघत होते. मीही बघत होते. त्या क्षणी मला स्वतःची एक गोष्ट कळली, जी मी इतके दिवस मोजली नव्हती: मला ती अट खरोखरच पूर्ण व्हायला हवी होती. शेजारच्या गल्लीतून कुणाला बोलवावं का, असा विचार मी केला. बाबा म्हणाले, "तीनच झाले." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं, कारण त्याच्याशी भांडता येतं.

आई भाकरीची टोपली घेऊन दारात उभी होती. तिला अट, पंच, वही यातलं काही पडलेलं नव्हतं. ती फक्त त्या ताटाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पाहुणे उशिरा आले की होतो तसा झाला होता. ती म्हणाली, "वाढलेलं ताट असं ठिवायचं नसतंय." गुरुजींचं बोट वहीवरच होतं. "आवो, अन्न वाढून माणूस उठून गेलाय, ताट तसंच उघडं पडलंय, आन तुमी मोजायलाव काय?" तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला, बाबांकडे पाठ करून चौथ्या ताटावर बसली, आणि डोक्यासकट एक कोळंबी उचलून भाकरीत गुंडाळून खाल्ली. मग दुसरी. सबंध अंगणात तिच्या चावण्याचा तेवढा आवाज.

"मीठ कमी हाय," आई म्हणाली.

मुंजाजीकाकांनी हरकत घेतली, की वहिनीचं नाव यादीत न्हवतं, ऐन टायमाला बदली गडी चालतोय का? गुरुजींनी वही चाळली, कॅलेंडर मागवलं, मागची बाजू वाचली, आणि सविताबाईंना, म्हणजे आईला, धरावं की नाही याबद्दल बाबांकडे पाहिलं. आईनं मागे न वळता उत्तर दिलं. "तीस वर्षं चार-चार पंगती वाढल्या, तवा कुनी धरलं का मला मोजून? आज धरा." गुरुजींनी रुमाल नाकावरून काढला आणि लिहिलं: चार. बाबा उठले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बघू," आणि लाइट आली होती म्हणून मोटर चालू करायला शेतात निघून गेले.

मी अट पुन्हा वाचली. तिच्यात 'त्या दिवशी बघू' इतकंच होतं. त्यांनी बघितलं. नियमाप्रमाणे त्यांच्याकडे काही बाकी राहत नाही. अट लिहून घेताना शेवटचा शब्द मी तपासला नाही, आणि हा तिसरा दोष.

त्यानंतर आज चार दिवस झाले, बाबा त्या विषयावर बोललेले नाहीत. परवा सकाळी मात्र बैलांना पेंड घालताना त्यांनी मला विचारलं की उणे चाळीस अंशात माणूस आत गेला तर मरतो का. मी म्हटलं, कपडे असतात, वेळ ठरलेला असतो, दार आतून उघडतं. "दार आतून उघडतंय ना पन नक्की?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. तेवढंच.

तर असा झाला समारंभ. उरलेली तर्री काकांनी नेली आणि ऐकते की गावात तिची कीर्ती झाली आहे. तीन जणांनी पुढच्या कार्यात 'बिनतुकड्याचा मासा' करायला सांगितला आहे. आईनं माझा नवा तवा घासून परत दिला नाही. तो आता तिच्या तव्यांमागे उभा आहे. तुम्हाला हे सगळं कळावं, एवढाच पत्राचा हेतू. श्रीराममामांना नमस्कार सांगा. थंड पाण्यात पाय घालून बसू नका म्हणावं.

आपली आज्ञाधारक (सवयीनं लिहिलं आहे, पुढचं वाचून खोडायला हरकत नाही),
राजेश्री

ता. क. १. एक तारखेपासून साधारण दहा दिवस मला तुमच्याकडे राहता येईल का? नंतर कारखान्याच्या जवळ खोली बघेन. माझ्याकडे दोन बॅगा असतील. मी पहाटे साडेपाचला उठते आणि आवाज करत नाही.

ता. क. २. वरच्या ओळीवरून तुमच्या लक्षात आलं असेलच. नोकरीला मी दोन तारखेलाच होकार कळवला होता, म्हणजे अट पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. चौदा तारखेला चारऐवजी शून्य माणसांनी मासा खाल्ला असता तरी मी जाणारच होते. मग पापलेटं कशाला, असं तुम्ही विचाराल. जायला परवानगी लागत नाही, मी सव्वीस वर्षांची आहे. मला फक्त हे बघायचं होतं, की मी निघेन त्या दिवशी बाबा दारापर्यंत येतात की मोटर बघायला जातात.

ता. क. ३. आणि आता खरं काम. तुम्ही बाबांना फोन करावा. ते करणार नाहीत. सातच्या बातम्या संपल्यावर सव्वासातपर्यंत फोन त्यांच्या हाताशी असतो. काय बोलावं हे मी सुचवत नाही. रागावलात तरी चालेल. त्यांना गप्प बसण्यापेक्षा भांडण सोपं जातं, आणि ते भांडले की मला वाटतं बाकीचंही बोलतील. हे पत्र उद्या मी परभणीला जाताना स्वतः टाकेन. आज रात्रभर ते टेबलावर राहील. पाकीट चिकटवलेलं नाही, पण आमच्याकडे माझी पत्रं कुणी वाचत नाही.

शीले, हे मी दिनकर लिहायलोय. पाकीट उघडं होतं. पोरीनं लिहिलंय ते बहुतेक बरोबर हाय. मुंजाजीला मांस कुठं गेलं ते मी बी सांगितलं न्हाई. पन एक गोष्ट तिला ठावं न्हाई. पाच तारखेला त्या कारखान्याचा फोन मलाच आला होता. फारमात बापाचा नंबर टाकून बसली. त्यायनं विचारलं मुलगी कशी हाय. म्हणलं हट्टी हाय, पन हिच्या हातातलं यंत्र बंद पडत न्हाई. विचारलं एक तारखेला पाठवता ना. म्हणलं पाठवतो. मासळी यायच्या नऊ दिवस आधीची ही गोष्ट. मला वाटलं ती तोंडानं सांगंल, बाबा मी होकार दिलाय. तिला वाटलं असंल मी सांगंल. दोघं बी बसलो. हा गुण आपल्या घरात कुठून आला ते तुला माहीत हाय.

पनवेलपर्यंत रेल्वेची दोन तिकिटं काढलीत, फुडं एसटी. एक तिकीट माझं हाय. दोन दिवस राहीन. तू फोन करू नको. जे बोलायचं ते समोर बसून बोल, मला बी बोलायचंय.